नदीकाठची सोसायटी: बाग नको, अंगण आखा

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला "कसं काय" म्हणून विचारत नाही. "किती झालं?" एवढंच विचारतात. उत्तर फुटांत येतं. "साडेसदतीस. कोयनेतून सोडलंय म्हणे." कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची 40 फूट ही इशारा पातळी, 45 ही धोका पातळी. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

मी 34 वर्षं हायस्कूलात गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर सोसायटीची सेक्रेटरी झाले, कारण त्या दिवशी मीटिंगला वीस मिनिटं उशिरा पोचले आणि तोवर निवड होऊन गेली होती. कृष्णेच्या काठी आमच्या चार जुन्या दुमजली इमारती होत्या, 32 घरं. 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं, 2021 ला परत आलं. तिसऱ्या वेळी तळमजल्यावरच्या काकूंनी भिजलेल्या गाद्या अंगणात ओढल्या आणि म्हणाल्या, "बाई, आता एकतर नदी हलवा नाहीतर आम्हाला." तिथून आमचा पुनर्विकास सुरू झाला. आता दोन इमारती आहेत, 56 घरं, आणि नदीपर्यंत उतरत जाणारी मोकळी जागा. मी आर्किटेक्ट नाही, पण नकाशाच्या प्रत्येक फेरीला वही घेऊन बसले होते. कृष्णा, पंचगंगा, मुठा, गोदावरी, कुठल्याही काठी ज्यांची सोसायटी नव्यानं बांधायची चर्चा चालू आहे, त्यांनी काय करावं आणि आमच्यासारखं काय करू नये, ते इथे लिहिते.

आधी डाग मोजा

आर्किटेक्टकडे जायच्या आधी टेप घेऊन भिंतींकडे जा. पूर ओसरला की भिंतीवर मातकट रेघ राहते. रंग दिला तरी एखाद्या जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, शेजारच्या जुन्या वाड्यात ती सापडतेच. प्रत्येक डाग जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि त्या वर्षी पुलावरची सर्वोच्च पातळी किती होती ते शेजारी लिहा. सांगलीत 2005 ला पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं, 2019 ला 57 च्या पुढे, 2021 ला 54 च्या पुढे. तीन डाग, तीन आकडे. यावरून आमची जमीन "पुलाच्या भाषेत" किती फुटांवर आहे ते कळलं: रस्त्याकडची बाजू साधारण 48, नदीकडची 40. पूल आणि आपला प्लॉट यांच्यात नदीला उतार असतो, म्हणून पुलाची पातळी सरळ उचलून आपल्या नकाशावर ठेवू नका. आपल्याच भिंतीवरच्या डागांशी जुळवा.

मग सर्व्हेअरला बोलावून ऑटो लेव्हलनं, म्हणजे जमिनीची उंच-सखल पातळी मोजायच्या दुर्बिणीनं, पाच-पाच मीटरवर पातळ्या घ्यायला लावा. हा खर्च बिल्डरवर टाकू नका, सोसायटीनं स्वतः करा. ज्यानं पैसे दिले त्याच्या बाजूनं जमीन चढते किंवा उतरते, असा माझा अनुभव आहे. आम्हाला पहिल्यांदा दाखवलेल्या नकाशात नदीकडचा कोपरा चक्क तीन फूट उंच दाखवला होता. विचारलं तर "प्रिंटिंग मिस्टेक".

निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभागाकडे दोन पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, निळी ते लाल नियंत्रित. आपल्या प्लॉटवरून या रेषा कुठून जातात ते अधिकृत नकाशावर बघा आणि आपल्या पातळ्यांच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं उतरवा.

इथे एक गणित करून दाखवते, कारण जनरल बॉडीत निम्मा वेळ याच्यावरच गेला. "शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही" असं एक सभासद ठामपणे म्हणाले. तसं नसतं. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षं त्या घरात राहिलात तर निदान एकदा तो येण्याची शक्यता 26 टक्के होते. 25 वर्षांच्या पुराची तीच शक्यता 71 टक्के. हे गणितही नदीचा स्वभाव बदलला नाही असं धरून. आमच्याकडे 16 वर्षांत तीन मोठे पूर येऊन गेले.

मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा ते सभासद म्हणाले, "बाई, तुम्ही घाबरवताय." मी म्हटलं, नाही हो, वर्गातही असंच म्हणायचे सगळे.

निर्णय असा झाला: राहती एकही खोली पुलाच्या भाषेत 60 फुटांच्या खाली नाही, म्हणजे 2019 च्या पाण्याच्या अडीच-तीन फूट वर. पार्किंगची उंची त्यासाठी बारा फूट ठेवावी लागली. बिल्डरला ते फुकट गेलेलं बांधकाम वाटत होतं. पुढे त्याच उंच, हवेशीर पार्किंगमध्ये गणपती बसायला लागला, लग्नाच्या पंगती उठल्या, मग त्यानंच आपल्या जाहिरातीत त्याचे फोटो टाकले.

उतार भरून काढू नका

नदीकडे उतरणारी जमीन दिसली की कंत्राटदाराचा हात शिवशिवतो. मुरूम टाकायचा, सपाट करायची, कडेनं भिंत बांधायची. याला हात जोडून नको म्हणा. भराव केला की तेवढं पाणी शेजाऱ्याकडे ढकललं जातं, आणि नदीकाठची ती बंद भिंत पूर ओसरताना आतलं पाणी अडवून धरते. आमची जुनी कंपाउंड भिंत 2019 ला अशीच आतून बाहेर पडली. पाणी येताना नव्हे, जाताना.

आम्ही जमीन तीन टप्प्यांत ठेवली. वरचा टप्पा इमारती आणि मधलं अंगण. मधला 45 च्या आसपास, मुलांच्या खेळण्याचा. खालचा 40 ते 42, तो नदीचाच. वर्षातून काही दिवस ती तिथे येणार, हे आम्ही लेखी ठरवलं. प्रत्येक नव्या सभासदाला ते कागदावर दाखवतो, म्हणजे ऑगस्टमध्ये कुणी "बागेत पाणी शिरलं" म्हणून तक्रार अर्ज देत नाही.

टप्प्यांना जोडणाऱ्या पायऱ्या घाटासारख्या करा. चढायच्या पायऱ्या सहा इंचांच्या, आणि त्यांच्या बाजूला बसायच्या रुंद पायऱ्या, सोळा इंच उंचीच्या. उतरताना एका कडेला उतरण (रॅम्प) हवीच, एक फूट चढाला बारा फूट लांबी या हिशेबानं. व्हीलचेअरसाठी म्हणून ती आखली. आता तिच्यावरून बाबागाडी जाते, गॅस सिलिंडर जातो, आणि तीन गुडघेदुखीवाल्या आज्या रोज वर-खाली करतात. कुंपण असेल तर जाळीचं, प्रवाहाला समांतर. आडवं काही उभारलं की पुरात वाहून येणारे ओंडके, ऊस, प्लास्टिक तिथे अडकतं आणि मग ते कुंपण राहत नाही, धरण होतं.

माणसं कुठे थांबतात ते वहीत लिहा

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते.

पहिल्या नकाशात नदीकडे लाकडी डेक होता, मधोमध लॉन, कडेला कारंजं, एक "योगा कॉर्नर" आणि अर्धवर्तुळाकार पायऱ्यांचा रंगमंच. चित्रातली माणसं सगळी गोरी, सडपातळ, हातात कॉफी. आमच्या सोसायटीत नाटक शेवटचं कधी झालं होतं ते कुणालाच आठवेना.

मी पंधरा दिवस वही घेऊन बसले. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. जुन्या सोसायटीत कोण कुठे थांबतं, किती वेळ, कशासाठी. नियम एकच: दोघं पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलली तरच नोंद. आमच्या जुन्या बागेत सिमेंटचे सहा बाक होते, देणगीदारांच्या नावांसकट. त्या बाकांवरच्या नोंदी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. गप्पा होत होत्या त्या फाटकापाशी, जिथे शाळेची रिक्षा थांबते. बोअरच्या नळापाशी. कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांपाशी. भाजीचा हातगाडा उभा राहतो त्या कडुनिंबाखाली. आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर, जिथे एक काका रोज बुटाची नाडी बांधायला दहा मिनिटं घेत.

यातून मला जे समजलं ते सांगते. गप्पा मारायला म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. कामाला पडतो, आणि काम करता करता बोलतो. नदीवरचा घाट गावाची बैठक झाला तो दगडी पायऱ्या सुंदर होत्या म्हणून नाही. धुणं तिथे होतं, पाणी तिथे होतं. आपण धुणं मशीनमध्ये नेलं, पाणी टाकीत नेलं, आणि मग सामायिक बागेत बाक ठेवून विचारतो की लोक येत का नाहीत.

म्हणून सामायिक जागेत आधी कामं नेऊन ठेवा. आम्ही अंगणात काय ठेवलं ते सांगते. दोन नळ आणि एक दगडी ओटा: सतरंज्या, ताडपत्र्या, गणपतीची भांडी, मुलांचे चिखलाचे बूट, जे घरातल्या बाथरूममध्ये धुवायला जीवावर येतं ते सगळं. वाळवणासाठी दक्षिणेला उघडा चौथरा, गुडघाभर उंच. मार्च ते मे तिथे कुरडया, सांडगे, तिखटाच्या मिरच्या, आणि राखणीला बसलेल्या दोन-तीन बायका सावलीत. कपड्यांच्या दोऱ्या. टपालपेट्या प्रत्येक इमारतीत वेगळ्या नाहीत, अंगणात एका ठिकाणी. ओल्या कचऱ्याचे खड्डे अंगणापासून दूर, पण वाट अंगणातूनच. आणि शाळेच्या रिक्षेसाठी फाटकाच्या आत छप्पर, बसायला कठडा, एक नळ.

दोऱ्यांवरून मोठं भांडण झालं. "नदीकडून बघितलं की आपली सोसायटी चाळ दिसेल." मी म्हटलं, नदीकडून बघतंय कोण? म्हशी.

अंगण केवढं असावं

बांधकाम नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. आमचा प्लॉट 44 गुंठ्यांचा, म्हणजे साडेचार गुंठ्यांच्या आत-बाहेर. बहुतेक ठिकाणी ही जागा उरल्यासुरल्या कोपऱ्यात, ट्रान्सफॉर्मरच्या मागे काढतात. कागदावर 10 टक्के भरतात, पण तिथे उन्हाळ्यात कुत्रंसुद्धा बसत नाही. तुम्ही नकाशावर इमारती आखायच्या आधी अंगण आखायला सांगा आणि इमारती त्याच्या भोवती बसवायला लावा.

आकाराबद्दल एक जागा बघून या: नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज. तिथे सात घरांमध्ये एक छोटं अंगण, साधारण 8 मीटर बाय 8. अशी तीन अंगणं मिळून 21 घरांना एक मोठं, 12 बाय 12 चं. पुन्हा तीन गट मिळून त्याहून मोठं, आणि सगळ्यांच्या मधून जाणारा ओढा. माझी भाची तिथे जवळच राहते, म्हणून मी दोनदा फिरून आले. बरीचशी घरं लोकांनी पाडून वाढवली आहेत, मूळ रूप शोधावं लागतं. पण लहान अंगणात पाऊल टाकल्यावर कुणीतरी खिडकीतून "कोण पाहिजे?" विचारतंच. ते विचारणं हीच त्या मापाची कमाई.

आम्ही दोन इमारतींच्या मध्ये 40 फूट रुंदीचं अंगण ठेवलं. यापेक्षा फार मोठं केलं की समोरच्या गॅलरीतला चेहरा ओळखणं अवघड होत जातं. स्वयंपाकघरांच्या खिडक्या अंगणाकडे, बेडरूम नदीकडे किंवा मागे. बिल्डरला हॉल अंगणाकडे हवा होता, नकाशात छान दिसतो म्हणून. पण हॉलमधला माणूस टीव्हीकडे बघतो, ओट्यापाशी उभी असलेली बाई किंवा पुरुष बाहेर बघतो. पोरगं झोपाळ्यावरून पडलं की आधी शिट्टी थांबवून खाली आवाज देतं ते स्वयंपाकघर.

मोटारी अंगणात नकोत. अग्निशमनाच्या गाडीची वाट सोडावीच लागते, ती आम्ही कडेनं काढली आणि त्यावर सायकल शिकणाऱ्यांचं राज्य आहे.

जुना कडुनिंब वाचवला. त्याच्याभोवती पार बांधला, दीड फूट उंच, कडेला पाय दुमडून बसता येईल इतका रुंद. बुंध्याला सिमेंट लावू दिलं नाही; तीन फूट माती उघडी ठेवली. आणि एक चूक आमची सांगते. खालच्या टप्प्यावर आम्ही नदीकडे तोंड करून बाक बसवले, वाटेकडे पाठ. सहा महिने तिथे फक्त मोबाईलवर बोलणारी माणसं बसली. मग मिस्त्रीला बोलावून बाक उखडले आणि वाटेला काटकोनात लावले, म्हणजे नदीही दिसते आणि येणाऱ्याला "या" म्हणता येतं. खर्च आला, जनरल बॉडीत मी ऐकून घेतलं.

चार घरांना एक वाफा

नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला आमच्याकडे मळी म्हणतात. कृष्णाकाठची वांगी जी प्रसिद्ध आहेत ती याच मातीतली. असली जमीन लॉनखाली घालणं हे पाप आहे, आणि लॉन पुराखाली चार दिवस राहिलं की कुजतं ते वेगळंच. मोकळ्या जागेत हरळी वाढू द्या. ती बुडते आणि परत वर येते.

खालच्या टप्प्यात आम्ही 14 वाफे केले, दहा फूट बाय वीस फूट. घरं 56. मुद्दाम. प्रत्येकाला स्वतःचा वाफा दिला असता तर प्रत्येकजण आपलं बघून घरी गेला असता. चार घरांना एक वाफा म्हटलं की पाणी कुणी घालायचं, वांगी की दोडका, तोडणी कधी, सगळ्यावर बोलावंच लागतं. कोजागिरीला दूध आटत असताना चिठ्ठ्या काढतो, त्यामुळे दर वर्षी गट बदलतात. ऑक्टोबर ते मे लागवड, जून ते सप्टेंबर जमीन मोकळी, नदीसाठी. पुराचा गाळ आला तर त्या मोसमाच्या सुरुवातीला कोथिंबीर-पालक नको. शहराचं सांडपाणीही नदीत असतं. मातीला उलटपालट करून उन्हं खाऊ द्या, आणि आधी वेलावर चढणारं काही लावा.

भांडणं होतात. पहिल्याच वर्षी सात नंबरच्या वाफ्यातली वांगी रात्रीत गेली आणि ग्रुपवर तीन दिवस वांग्यांचे फोटो फिरले. चोर सापडला नाही. चौथ्या दिवशी एका घरातून सगळ्यांना भरल्या वांग्यांचं आमंत्रण आलं. कुणी काही विचारलं नाही, सगळे जेवून आले.

झाडांबद्दल थोडक्यात. काठाला वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन. यांना पाय पाण्यात चालतात. उतारावर वाळा लावा, त्याची मुळं खोल उभी जातात आणि माती धरतात. निरगुडीचं कुंपण जनावरं खात नाहीत. गुलमोहर नको, ओल्या जमिनीत वाऱ्यानं आडवा होतो. ओळी प्रवाहाला समांतर, दाट भिंत होईल अशा नकोत. रोपं पावसाळ्याच्या तोंडावर न लावता ऑक्टोबरमध्ये लावा. हे नर्सरीवाला सांगणार नाही, कारण त्याची विक्री जूनमध्ये असते. पण काठावरचं जूनचं रोप ऑगस्टमध्ये कर्नाटकात पोचतं.

मगर

पुण्या-मुंबईचे पाहुणे याला गंमत समजतात. कृष्णेत मगरी आहेत, थंडीत उन्हाला काठावर येऊन पडतात, आणि पुरात वस्तीच्या आत येतात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याला हाकलायलाही आपण जायचं नसतं, वनखात्याला कळवायचं. नकाशात याचा अर्थ असा: नदीलगत शोभेचं तळं नको. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या नकोत. आमचा घाट पाण्याच्या बराच वर संपतो, तिथे कमरेएवढा कठडा आहे आणि त्याला एक दार, कुलूपबंद. मटणाचं उरलंसुरलं काठावर टाकणाऱ्याला दंड. खालच्या टप्प्यात दिवे गुडघ्याच्या उंचीला, पिवळे, वाटेवर उजेड पाडणारे, कारण संध्याकाळी पायाखाली काय आहे ते दिसलं पाहिजे. सापही असतात.

तुमच्या नदीत मगर नसेल. पण काही ना काही असेल, ते कोळ्यांना विचारा, बिल्डरला नको.

पायवाट बंद करू नका

आमच्या प्लॉटच्या कडेनं नदीकडे जाणारी जुनी वाट होती. मासे धरणारे, पहाटे पाणी घालायला जाणाऱ्या बायका, दहाव्याला आलेली माणसं, सगळी तिथून जायची. पुनर्विकासात ती आत घेऊन फाटक लावायचं ठरत आलं होतं, "सिक्युरिटी" म्हणून. त्या मीटिंगमध्ये मी मतदानात हरले असते. वाचवलं ते पापड लाटणाऱ्या एका काकूंनी. त्या म्हणाल्या, "2019 ला आपल्याला होडीतून काढायला कोण आलं? त्या वाटेनं जाणारीच माणसं ना?" यावर कुणाला बोलता आलं नाही.

वाट तशीच ठेवली, कुंपणाच्या बाहेर, आठ फूट रुंद, फरशी घालून. वळणावर दुसरा लहान पार बांधला, अर्धा आमच्या बाजूला, अर्धा वाटेच्या, मध्ये जाळी. सुरुवातीला हे हास्यास्पद दिसत होतं. आता मासेवाली तिथेच बसते आणि जाळीतून व्यवहार होतो.

पाणी येईल त्या दिवसासाठी

हे भराभर वाचा, पण एकही गोष्ट गाळू नका. मीटरची खोली, पंपाचं पॅनल, लिफ्टचं यंत्र सगळं लाल रेषेच्या वर. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप, बसवा: 2019 ला नदी आमच्याकडे आधी फाटकातून नाही, तळमजल्याच्या संडासांतून आली, आणि त्या वासाबद्दल मी इथे लिहिणार नाही. जमिनीखालची पाण्याची टाकी शक्यतो नकोच. खालच्या टप्प्यात पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवू नका, उचलून जातात. मोठ्या दगडी फरश्या घ्या. धुवायला जास्त दाबाचा नळ वरच्या टप्प्यावर ठेवा. गाळ ओला असतानाच, पाणी उतरतं तसतसा मागोमाग ढकलत न्यायचा असतो. वाळला की कुदळ लागते.

आणि पहिल्या मजल्यावर एक मोठी सामायिक खोली. हिला आम्ही पूरखोली म्हणतो. लाइफ जॅकेट, दोर, दोन मोठ्या शेगड्या, पंचवीस माणसांची भांडी. वर्षभर तिथे भिशी, हळदीकुंकू, दहावीच्या मुलांचा अभ्यास. खोली रोज वापरात असली तरच शेगडी चालू स्थितीत राहते. नुसती "आपत्कालीन" म्हणून कुलूप लावली असती तर चावी कुणाकडे आहे हे शोधण्यातच पाणी छातीपर्यंत आलं असतं.

पार्किंगच्या एका खांबावर मी पुलावरच्यासारखी पट्टी रंगवून घेतली. जमिनीपाशी 48, वर 60 पर्यंत. 2005, 2021 आणि 2019 च्या रेषा लाल रंगात. हेतू असा की पाणी यायला लागलं की कुठली गाडी कधी हलवायची ते कळावं. पण पावसाळा सोडून बाकीचे आठ महिने तिथे पोरं एकमेकांची उंची मोजतात, पेन्सिलीनं खुणा करून, नावं लिहून. दुसरीतली एक मुलगी यंदा 52 च्या जवळ आली. अकरावीतल्या मुलाला 2005 चा पूर गाठायला तीन बोटं कमी आहेत, त्यानं हँडबॉल सोडून बास्केटबॉल धरलाय. मला एकदा जबरदस्तीनं उभं केलं. मी 53 भरले.